पाच मिलिमीटरची गोळी

१

लीलावतींच्या खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, भाजल्याचा फोड होता. सकाळी आरशात दिसेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. सरोजिनी नगरकडच्या एका शाळेत त्या मुलांचं दुपारचं जेवण शिजवतात. आदल्या दिवशी डाळ चाखताना गरम पळी ओठाला टेकली असणार. कातडी सोलली तरी त्यांना काही जाणवलं नव्हतं.

लष्करी छावणीत माझ्या बहिणीच्या, मंजिरीच्या घरी त्या खुर्चीवर बसल्या होत्या. माझी भाची अवनी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली होती. अवनी दातांची डॉक्टर आहे. तिने कापसाची वात केली.

"आँख बंद करिए, अम्मा. जहाँ छुए, बताइए."

कापूस उजव्या ओठावरून फिरला तेव्हा लीलावती लगेच हं म्हणाल्या. मग तो डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत सरळ खाली आला. त्या गप्प होत्या. अवनीने परत फिरवला. त्या डोळे मिटून शांतपणे वाट बघत होत्या.

"शुरू करो बिटिया," त्या म्हणाल्या.

अवनी उठली आणि आत निघून गेली.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, जानकीपुरममधल्या स्मितरेखा इम्प्लांट अकादमीत अवनीने लीलावतींच्या जबड्यात टायटॅनियमचा एक स्क्रू बसवला होता. दाढ पडलेल्या जागी हाडात आधी हा स्क्रू घालतात आणि तीन-चार महिन्यांनी त्यावर दात बसवतात. ही शस्त्रक्रिया शिकायला दंतवैद्य तिथे येतात. शिकायला माणसं लागतात, म्हणून गरीब माणसांना फुकट दाताचं आश्वासन देऊन बोलावतात. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ओठाला संवेदना देणारी. स्क्रू तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी वर थांबला पाहिजे. लीलावतींचा स्क्रू त्या नसेत घुसला होता.

अकादमीची नोटीस टेबलावर होती. संचालक डॉ. आदेश माथुर यांनी आखलेल्या प्लॅनमध्ये आठ मिलिमीटरचा स्क्रू होता, अवनीने स्वतःच्या मर्जीने बारा मिलिमीटरचा बसवला, आणि तक्रार होताच पेशंटची मूळ फाइल गायब झाली, जी शेवटची तिच्याच हातात होती. शुक्रवारी चौकशी. दोष सिद्ध झाला तर अवनीची डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द करण्याची शिफारस होणार होती. आज सोमवार होता.

माझे मेहुणे, कर्नल चंद्रकांत, खिडकीपाशी उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो मला विचारला. "लतिका, पोरगी खोटं बोलतेय का?"

मी रेल्वेच्या संशोधन कार्यालयात धातू तपासते. तुटलेले रूळ आणि आस माझ्याकडे येतात आणि त्यांच्याबरोबर माणसंही येतात, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत. मी माणसांचं नंतर ऐकते.

अवनी तोंड धुऊन आली. मावशी, मैंने वही किया जो प्लान में था, ती म्हणाली. प्लॅनमध्ये बारा होतं. माथुर सरांनी स्वतः लिहिलं होतं. कागद नाही, पण अकादमीच्या शिबिरात सगळे स्क्रीनचा फोटो काढतात, तो फोनमध्ये होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. लीलावतींच्या जबड्याचा सबंध एक्स-रे. पडलेल्या दाढेच्या जागी एक पांढरा गोल.

तो पोलादी गोळीचा होता. अवनीने समजावलं, की हे यंत्र चेहऱ्याभोवती फिरत फोटो काढतं, त्यामुळे सगळंच वीस ते तीस टक्के मोठं दिसतं. कितीने, ते माणसागणिक बदलतं. म्हणून पाच मिलिमीटरची गोळी मेणाने हिरडीवर चिकटवतात. फिल्मवर ती सव्वासहा भरली, तर सगळी मापं सव्वाने भागायची.

"इथे किती भरली?"

"पाच. एकदम पाच. भागायचीच गरज नव्हती." स्क्रीनवर हाडाच्या कडेपासून नसेपर्यंत रेघ होती, चौदा मिलिमीटर. त्यातून दोन वजा. बारा.

मी तो आकडा पुन्हा पाहिला. पाच पूर्णांक शून्य. मग अवनीकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा मला कुणावर तरी राग आला, आणि तो तिच्यावर होता.

"उद्या मला तुझ्या अकादमीत दात बसवायचाय," मी म्हणाले.

२

माझी उजवीकडची खालची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढली आहे. त्या रिकाम्या जागेचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

अकादमीच्या दारातल्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, फ्री में हो जाएगा आंटी, डॉक्टर लोग सीख रहे हैं. भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो होते. बाकावर बसलेल्या माणसांपैकी कुणीच त्यांच्यासारखं दिसत नव्हतं. एक म्हातारा चपला काढून बाकाखाली ठेवून बसला होता, देवळात बसावं तसा.

माझं तोंड तपासायला डॉ. सौरभ त्रिपाठी आला. अवनीच्याच तुकडीतला. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. बडबड्या मुलगा होता. मी घाबरल्यासारखं करून विचारलं, की इथे कुणाचा तरी ओठ बधिर झाला म्हणे. त्याने मागे बघितलं आणि आवाज खाली आणला.

एका मुलीने घाई केली, तो म्हणाला. सर्टिफिकेटला पाच केसेस लागतात, तिच्या चारच झाल्या होत्या. मग जरा थांबून त्याने जोडलं, की त्याच्याही चारच झाल्या होत्या आणि ती केस आधी त्याला मिळणार होती. हे त्याने ज्या सुरात सांगितलं त्यावरून कळलं, की त्या रविवारी त्याला वाईट वाटलं होतं आणि आता हायसं वाटत होतं.

पुढे साचे घेणारी नीलम आली. पंचेचाळिशीची, कपाळावर घट्ट बांधलेली टोपी. तिने माझ्या जबड्याचा साचा घेतला. गार लगदा तोंडात दाबून धरला, मोजून चार मिनिटं. मग मेणाचा तुकडा, त्यात गोळी, आणि तो हिरडीवर.

"निगल मत जाइएगा," ती म्हणाली. "दो लोग निगल चुके हैं. अब एक ही है."

तोंड मोकळं झाल्यावर मी विचारलं, "स्क्रू डालेंगे, फिर दाँत कब लगेगा?"

हा प्रश्न मी सौरभलाही विचारला होता. तो म्हणाला होता, वो दूसरा डिपार्टमेंट है. दारातली मुलगी म्हणाली होती, फोन आएगा.  नीलमची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि लगेच परत आली.

मागे काचेची दारं असलेलं एक उंच कपाट होतं. त्यात पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येकावर नाव आणि तारीख. आत प्लास्टरचे जबडे असणार. दात ह्यांच्यावरून बनतात. तारखा वर्षभर मागेपर्यंत जात होत्या आणि खोक्यांवर धूळ होती, करडी, सलग, कुणी बोटही न लावलेली. म्हणजे वर्षभरात ह्यांतल्या कुणाचाच दात बनला नव्हता. माझ्या नोकरीत धुळीकडे बघायची सवय लागते. खालून दुसऱ्या फळीवर एका खोक्याचं झाकण स्वच्छ होतं. नाव काचेतून वाचता आलं नाही.

एक्स-रेच्या खोलीत विजय नावाचा तंत्रज्ञ होता. त्याने मला हनुवटी टेकवून उभं केलं, यंत्र डोक्याभोवती फिरलं, आणि स्क्रीनवर माझा जबडा उमटला. त्याने सवयीने गोळीवर रेघ ओढली.

पाच पूर्णांक शून्य.

लीलावती माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत आणि त्यांचा चेहरा लहानखुरा आहे. माझा जबडा रुंद आहे. वाढ माणसागणिक बदलते असं अवनी म्हणाली होती. फार थोडीच बदलते, ते ठीक. पण नसतेच, असं त्या यंत्रात कुणाच्याच बाबतीत होऊ शकत नाही. आणि ती दोघींच्या बाबतीत नव्हती.

मी मेण सोलून गोळी हातात घेतली. विजय म्हणाला, मॅडम, वो वापस दीजिए. मी पर्समधून मायक्रोमीटर काढला आणि गोळी त्या पकडीत धरली.

तीन पूर्णांक सत्त्याण्णव.

३

हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेत जन्मत नाही. तो इंचांतला आकडा आहे, एका इंचाचे पाच भागिले बत्तीस. ह्या मापाचा छर्रा सायकलच्या पायडलमध्ये असतो.

मी विजयला तेवढंच सांगितलं. त्याने खोलीचं दार लोटून घेतलं.

सगळं भराभर बाहेर आलं. आधी तीन गोळ्या होत्या, यंत्राबरोबर आलेल्या. दोन पेशंटांनी गिळल्या, तिसरी ऑगस्टमध्ये बेसिनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी शिबिर होतं. विजय जानकीपुरममध्येच राहतो, सायकलने येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने एक छर्रा आणला. जुनी गोळी समोर नव्हती, ताडून बघायला काही नव्हतं. अंदाजाने घेतला. मशीनने उसको पाँच दिखाया तो मैं समझा सही है, तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस खोटं बोलत नव्हता. गोळी पाचची आहे हे त्याने यंत्राला विचारलं होतं, आणि यंत्र किती फुगवतं हे यंत्राने गोळीला विचारलं होतं. मधल्या मध्ये चारची गोळी सव्वाने फुगून पाचची दिसत होती. जबड्याचं हाडही सव्वाने फुगून दिसत होतं, आणि ते कुणीच भागत नव्हतं. लीलावतींच्या नसेच्या वर चौदा मिलिमीटर हाड कधी नव्हतंच. सव्वाअकरा होतं, जेमतेम. त्यात बाराचा स्क्रू.

"ऑगस्टपासून किती जणांचे खालचे जबडे झाले?"

त्याने रजिस्टर चाळलं. बोटं मोजली, परत मोजली. "लीलावती को मिलाके... उन्नीस."

"डॉक्टर माथुर को बताया था?"

"छर्रे का? नहीं मैडम. किसी ने पूछा ही नहीं."

त्याने रजिस्टर मिटलं. माझं काय होईल, त्याने विचारलं. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी पर्वाही नव्हती. एकोणीस जबडे. ह्या अकादमीत वर्षाला कितीतरी शिकलेली माणसं येतात. ऑगस्टपासून प्रत्येक फिल्मवर गोळी पाच भरली होती आणि पदवीधर दंतवैद्यांपैकी एकालाही त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. उलट हिशोब वाचला म्हणून बरं वाटलं होतं. माझ्या भाचीसकट.

संध्याकाळी छावणीत जाऊन मी अवनीला हे सांगितलं. ती आधी रडली, मग उजळली. म्हणजे माझी चूक नाही, मावशी. मशीन की गलती है.

"तू मोजलंस," मी म्हणाले. "विचारलं नाहीस. पाच कसं येईल, हे तुला कळायला हवं होतं. मला दहा मिनिटांत कळलं आणि मी दात शिकलेली नाही."

मंजिरी मध्ये पडली. लतिका, पोर आधीच मेल्यासारखी झालीय. मी गप्प झाले. पण मागे घेतलं नाही.

चंद्रकांतरावांनी मात्र नेमकं धरलं. छर्र्याने पोरगी अर्धीच सुटते, ते म्हणाले. अकादमीच्या कागदावर आठ आहे. ती बारा म्हणते. फोटोत फक्त माप आहे, प्लॅन नाही. माथुर म्हणतील, मी सुरक्षितच आखलं होतं, हिने ऐकलं नाही.

त्या फिल्मवरून प्रामाणिकपणे बाराच येतं. मग आठ कुठून आलं?

४

बुधवारी दुपारी नीलमची सुट्टी झाली तेव्हा मी अकादमीबाहेरच्या ई-रिक्षाच्या थांब्यावर उभी होते. मी कोण ते सांगितलं. ती ओळखूनच होती. साँचा लेते टाइम ही लगा था, ती म्हणाली, आपका और अवनी मैडम का जबड़ा एक जैसा है.

त्या रविवारचं तिने सांगितलं. साडेचारला शस्त्रक्रिया संपली. पाचला इंजेक्शनचा अंमल उतरायला हवा होता. जीभ जागी झाली होती, डावा ओठ मेलेला. अवनी मॅडमने दुसरा एक्स-रे काढायला लावला. सहा वाजता ती माथुर सरांच्या खोलीत गेली, स्क्रू आत्ताच काढू या म्हणाली. लगेच काढला तर नस वाचायची शक्यता असते, हे नीलमलाही ठाऊक होतं, इतकी वर्षं ऐकून. सर म्हणाले, इंजेक्शन का असर है, उतर जाएगा. घर भेजो. बाहेर आल्यावर अवनी मॅडम जिन्यात बसून होती.

"और फाइल?"

नीलमने रिक्षांकडे बघितलं. दोन भरून निघून गेल्या.

सप्टेंबरमध्येही एकाने तक्रार केली होती, ती म्हणाली. त्याची फाइल सरांनी टेबलावर मागवली. ती परत आलीच नाही. त्या रविवारी साडेसहाला निरोप आला, लीलावती की फाइल मेरी टेबल पर रख दो.

"रखी?"

तिने मान हलवली. नाही. सरांना वाटलं अवनी मॅडमने नेली. तिने वाटू दिलं. दोन मुली आहेत तिला, नवरा नाही. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, की हो, दहा दिवस अवनी मॅडमवर आळ राहू दिला, तिला झोप नाही, पण तोंड उघडायची हिंमतही नाही.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तिचे हात प्लास्टरने पांढरे झाले होते, नखांच्या कडांशी भेगा. मी ओरडले नाही. विचारलं, फाइल कुठे आहे?

"वहीं है, मैडम. अकादमी में." पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. "ऐसी जगह, जहाँ कोई डॉक्टर हाथ नहीं लगाता."

मग मला ते स्वच्छ झाकण आठवलं. मी तिला म्हटलं, फाइल हलवू नकोस. शुक्रवारी फक्त चावी बरोबर ठेव.

त्या संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. सौरभ त्रिपाठीला फोन करून छर्र्याचं सांगितलं.  मग तो म्हणाला, की त्याच रविवारी त्याने एका माणसाच्या खालच्या जबड्यात दहाचा बसवला होता. मी म्हटलं, त्या प्लॅनचा फोटो पाठव, आणि त्या माणसाला उद्या बोलावून तपास. त्याने दोन्ही केलं. त्या माणसाचा ओठ ठीक होता. नशीब म्हणून, दुसरं काही कारण नाही.

५

चौकशी अकादमीच्याच वरच्या खोलीत झाली. तीन सदस्य होते. दोन अकादमीचे, ते माथुरांकडे बघून मान हलवत. तिसऱ्या बाहेरून आलेल्या डॉ. यमुना पांडे, सत्तरीच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि सगळ्यांकडे तशाच बघत होत्या. अवनीला बरोबर एक मदतनीस आणायची परवानगी होती. मी होते. लीलावती भिंतीलगत बसल्या होत्या, ओठावर मलम. विजय आणि नीलम दाराशी उभे.

डॉ. माथुर सभ्य माणूस. त्यांनी मला आधी पाणी विचारलं. मग खेदाने सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण तरुणांना घाई असते. प्लॅनचा कागद सगळ्यांसमोर फिरला. शस्त्रक्रियेच्या सकाळची तारीख, आठ मिलिमीटर, त्यांची सही.

मी यमुनाबाईंसमोर अवनीच्या फोनमधला फोटो ठेवला. गोळी पाच, हाड चौदा.

"ही फिल्म बघून आठ कसं आलं?" मी विचारलं.

"अनुभव," माथुर म्हणाले. "मैं हमेशा ज़्यादा जगह छोड़ता हूँ."

मी सौरभच्या प्लॅनचा फोटो ठेवला. त्याच सकाळी, त्याच सहीने. हाड बारा, स्क्रू दहा. दोन मिलिमीटर सोडले होते, नियमाने सांगितलेले. त्या दिवशीचे आणखी तीन प्लॅन विजयने रजिस्टरसोबत आणले होते. सगळ्यांत दोनच. फक्त लीलावतींना सहा.

माथुरांनी पेन खाली ठेवलं.

मग मी विजयला परत न दिलेला छर्रा डबीतून काढून टेबलावर ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं. तो थोडा घरंगळला. यमुनाबाईंनी बोटाने थांबवला, उचलला, आणि चष्मा लावला.

"साइकिल का?" त्या विजयला म्हणाल्या. त्याने मान खाली घातली.

खऱ्या मापाने हाड सव्वाअकरा, मी पुढे म्हणाले. त्यातून दोन वजा, सव्वानऊ. तुमच्याकडचे स्क्रू आठ, दहा आणि बाराचे. म्हणजे आठ, बरोबर. कागदावरचं उत्तर अगदी बरोबर आहे. पण ते काढायला छर्रा चारचा आहे हे ठाऊक पाहिजे. डॉक्टरसाहेबांना ते शस्त्रक्रियेआधी ठाऊक होतं, तर त्यांनी त्याच सकाळी बाकी चौघांना त्याच छर्र्यावर का कापलं? आणि नंतर कळलं, तर हा कागद सकाळचा नाही.

 माझा आवाज चढला होता, हे मला नंतर मंजिरीने सांगितलं.

माथुरांनी रस्ता बदलला. कागद नंतर नीट उतरवून घेतला असेल, आकड्यात गफलत झाली असेल. छर्र्याचं मात्र आत्ताच, ह्या खोलीत कळतंय. तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. धक्कादायक आहे. त्यांनी विजयकडे बघितलं आणि दोन्ही सदस्यांनी त्यांच्यामागोमाग बघितलं.

"एक साधा सवाल," मी म्हणाले. "लीलावतीजींचा दात कशावरून बनवणार होतात? साचा कुठाय?"

"लैब में होगा."

"कुठे, लॅबमध्ये?"

त्यांना माहीत नव्हतं. यमुनाबाई उठल्या. चलिए, देखते हैं, त्या म्हणाल्या. आम्ही सगळे खाली गेलो. काचेच्या कपाटापुढे माथुर उभे राहिले आणि त्यांनी कडी ओढली. कुलूप होतं. स्वतःच्या अकादमीत ह्या कपाटाला कुलूप असतं हे त्यांना त्या क्षणी कळलं. नीलमने पुढे होऊन चावी लावली. खालून दुसऱ्या फळीवरचा स्वच्छ झाकणाचा खोका तिने काढला आणि यमुनाबाईंच्या हातात दिला.

लीलावतींचा जबडा पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता, डावीकडे खालची एक दाढ नसलेला. त्याखाली दुमडलेली फाइल.

मूळ प्लॅन त्यात होता. बारा मिलिमीटर, माथुरांची सही. आणि दुसऱ्या एक्स-रेची छापील प्रत, त्या रविवारची. नसेत उतरलेल्या स्क्रूवर कुणीतरी रेघ ओढून माप घेतलं होतं. पंधरा पूर्णांक शून्य. बाजूला पेन्सिलीने वेळ टाकली होती, पाच चाळीस, आणि लिहिलं होतं, पंधरा भागिले बारा, एक पूर्णांक पंचवीस. आणि त्याखाली दोनदा अधोरेखित करून, गोळी?

"यह तुम्हारी लिखावट है, आदेश," यमुनाबाई म्हणाल्या. "मैंने तुम्हें तीन साल पढ़ाया है."

पाच चाळीसला त्यांनी ते ओळखलं होतं. बाराचा स्क्रू पंधरा दिसतो म्हणजे यंत्र सव्वाने फुगवतंय, म्हणजे गोळी खोटी, म्हणजे ऑगस्टपासूनचं सगळं खोटं. माझ्याइतकंच नीट ओळखलं होतं. त्यानंतर वीस मिनिटांनी अवनी स्क्रू काढायची परवानगी मागायला आली होती. लीलावती तेव्हा खालच्या मजल्यावर, ह्याच कपाटासमोरच्या बाकावर बसून होत्या. स्क्रू काढायचा तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं असतं तर बाकीच्या अठरा जणांना बोलवावं लागलं असतं.

लीलावतींना हिशोब कळला नव्हता. त्यांनी अवनीला विचारलं. अवनीने चार वाक्यांत सांगितलं. त्या थोडा वेळ प्लास्टरच्या जबड्याकडे बघत होत्या.

"आपको पता था," त्या माथुरांना म्हणाल्या. "मैं नीचे बैठी थी और आपको पता था."



६

अकादमीची शिबिरं बंद झाली आहेत. माथुरांचं प्रकरण राज्याच्या दंत परिषदेकडे गेलं आहे आणि अशी प्रकरणं कशी चालतात हे मला माहीत आहे. विजयची नोकरी गेली. नीलमचीही. तिला छावणीतल्या एका दवाखान्यात चंद्रकांतरावांनी चिकटवलं, विजयसाठी कुणी काही केलं नाही. मीही नाही.

लीलावतींचा स्क्रू दुसऱ्या एका सर्जनने त्याच शनिवारी काढला. संवेदना परत येईल का, ते तो सांगू शकला नाही. पहिल्या संध्याकाळी काढला असता तर शक्यता बरीच होती, एवढं सांगितलं. त्या आता डाळ उजव्या बाजूने चाखतात.

अवनी निर्दोष सुटत होती. जबाबावर सही करायच्या आधी तिने पेन मागून घेतलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं, की फिल्मवर गोळी पाच भरलेली मी पाहिली होती. हे अशक्य आहे हे मला शिकवलेलं होतं. मी विचारलं नाही. आणि काढायला नकार मिळाल्यावर मी पेशंटला दुसरीकडे नेलं नाही.

यमुनाबाईंनी ते दोनदा वाचलं. हे लिहिलंस तर शिक्षा द्यावी लागेल, त्या म्हणाल्या. अवनीने कागद परत घेतला नाही. नोंदणी राहिली, पण तीन महिने शस्त्रक्रिया करायला मनाई आली. कर्नल त्या दिवशी तिच्याशी फार बोलले नाहीत, फक्त घरी जाताना गाडीचं दार त्यांनी उघडून धरलं.

मनाईत फोन करायला बंदी नव्हती. रजिस्टरमधली नावं घेऊन ती शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसली. मी समोर कागद घेऊन. लीलावती आणि सौरभचा पेशंट वगळून सतरा नावं. ऑगस्टपासून सुरुवात. सहाजणांचं ठीक होतं. दोघांचे नंबर बंद. नववा फोन मलिहाबादकडच्या एका माणसाला लागला. अवनीने आवाज मोकळा ठेवून विचारलं, खालचा ओठ, हनुवटी, कुठे बधिर वाटतं का?

वाटतं, तो म्हणाला. सप्टेंबरपासून. दाढी करताना कापतं ते कळत नाही. तक्रार केली होती. साहेब म्हणाले होते, नकली दाँत में ऐसा होता है, आदत पड़ जाएगी. त्याला सवय झाली होती.

अवनीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं नाव लिहिलं आणि पुढे खूण केली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिने त्याला सोमवारी यायला सांगितलं, पत्ता दोनदा सांगितला. फोन स्पीकरवर होता. पलीकडे बायकोला काहीतरी सांगत असल्याचा आवाज आला, मग तो परत फोनवर आला.

"डाक्टर साहिबा, तो अब दाँत लगेगा?"